'आपण' आणि 'आम्ही' : कर्टिस मेफील्ड यांच्या गीतरचनेतील संबोधन

प्रास्ताविक

आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा परिचय मराठी वाचकाला मुख्यतः कविता, कादंबरी आणि आत्मचरित्र या मुद्रित वाङ्मयप्रकारांतून झालेला आहे. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे आदी अभ्यासकांनी या साहित्याकडे मराठी समीक्षेचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. तथापि ज्या समाजातून हे साहित्य निर्माण झाले, त्या समाजातील असंख्य माणसे आपला इतिहास, आपले दुःख आणि आपला राजकीय विचार ग्रंथापेक्षा गाण्यातून ऐकत होती. आंबेडकरी जलसा आणि शाहिरी यांचे कार्य जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच या समाजातील गीतकारांचा स्वतंत्रपणे विचार होणे आवश्यक ठरते.

अशा गीतकारांत कर्टिस मेफील्ड (१९४२-१९९९) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. गायक, गिटारवादक, गीतकार, संगीतकार, निर्माते आणि ध्वनिमुद्रिका संस्थेचे मालक अशा अनेक नात्यांनी ते सुमारे चार दशके 'सोल' आणि 'फंक' या संगीतप्रकारांत कार्यरत होते. 'सोल' म्हणजे चर्चमधील गॉस्पेल गायनाची भावोत्कटता आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' या लौकिक संगीताची लय यांच्या संयोगातून १९५०-६० च्या दशकांत आकारास आलेला गायनप्रकार होय. 'फंक' मध्ये स्वरावलीपेक्षा लयीला प्राधान्य असते. बास गिटार आणि तालवाद्ये यांच्या आवर्तनांवर संपूर्ण रचना उभी राहते.

मेफील्ड यांच्या कारकिर्दीचे सामान्यतः दोन भाग पाडले जातात. १९६० च्या दशकातील आशावादी, धर्मभावनेने भारलेला गीतकार हा एक, आणि १९७० नंतरचा, शहरातील अमली पदार्थ व हिंसा यांचे चित्रण करणारा कठोर वास्तववादी हा दुसरा. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे त्यांच्या लेखनातील एक मूलभूत सातत्य दुर्लक्षित राहते. हे सातत्य संबोधनाचे आहे. गीत कोण गातो, कोणाला उद्देशून गातो आणि 'आपण' या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न त्यांच्या रचनेच्या मुळाशी आहे. त्याच अंगाने त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण

मेफील्ड यांचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागो येथे झाला. दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे कृष्णवर्णीयांचे जे प्रचंड स्थलांतर विसाव्या शतकात झाले, त्याचे शिकागो हे एक प्रमुख केंद्र होते. वडिलांनी लवकरच कुटुंब सोडले. बालपण दारिद्र्यात गेले आणि पुढे कुटुंब काब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत राहू लागले. आजी ॲनी बेल या एका छोट्या आध्यात्मिक चर्चच्या धर्मोपदेशिका होत्या. त्या चर्चच्या गायकवृंदात कर्टिस आणि त्यांचे मित्र जेरी बटलर गात असत.

या संस्काराचे दोन परिणाम पुढील लेखनात स्पष्ट दिसतात. गॉस्पेल गायनात एक गायक ओळ उच्चारतो आणि समुदाय तिला प्रतिसाद देतो. त्यामुळे गाणे एकट्याचे राहतच नाही. आपल्याकडील कीर्तनात बुवांच्या मागे उभे असलेले टाळकरी जे कार्य करतात, त्याच्याशी याचे साम्य आहे. दुसरा परिणाम उपदेशाच्या भूमिकेचा आहे. धर्मोपदेशक आपल्याच मंडळींसमोर उभा असतो. तो त्यांना धीर देतो, तसेच त्यांची कानउघाडणीही करतो. मेफील्ड यांच्या गीतांतील निवेदक बहुतेक वेळा याच जागेवरून बोलतो.

गिटारवादन ते स्वतःच शिकले. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर सूर शोधण्याची सवय असल्यामुळे त्यांनी गिटारच्या तारा त्याच स्वरांत लावल्या. पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी तीन हा षड्ज मानल्यास तारांवर सा, ग आणि प हेच स्वर मिळतात. तिथून पाचही काळ्या पट्ट्या घेतल्या, तर भूपाचे स्वर हाती येतात. अर्थात त्यांच्या रचना भूपातल्या आहेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रचलित पद्धतीपेक्षा निराळ्या या जुळणीमुळे त्यांच्या वादनाला विलक्षण मृदुता आली आणि त्यांची गिटार इतरांपेक्षा वेगळी ओळखू येऊ लागली. या मृदुतेला जोड मिळाली ती फॉल्सेटोची. पुरुषाच्या नैसर्गिक आवाजाच्या कक्षेपलीकडील उंच, पातळ स्वरात ते गात. सोल संगीतातील अनेक पुरुष गायकांचा आवाज बुलंद होता. मेफील्ड यांचा आवाज कानाशी येऊन सांगणारा होता. राजकीय आशयाच्या गीतात असा आवाज वापरणे ही त्यांची खास निवड होय.

'इम्प्रेशन्स' आणि सामूहिक प्रथमपुरुष

१९५८ मध्ये 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स' या नावाने निघालेल्या 'फॉर युवर प्रेशस लव्ह' या गीताला मोठे यश मिळाले, तेव्हा मेफील्ड अवघे सोळा वर्षांचे होते. लवकरच बटलर स्वतंत्र झाले. मेफील्ड यांनी काही काळ त्यांच्यासाठी गिटार वाजवली व गीते लिहिली. १९६१ मधील 'जिप्सी वुमन' या गीताने इम्प्रेशन्स पुन्हा प्रकाशात आले. पुढे मेफील्ड, फ्रेड कॅश आणि सॅम गुडेन या तिघांचा संच स्थिर झाला. वाद्ययोजनाकार जॉनी पेट यांचे साहाय्य लाभल्यावर या त्रिकुटाची शैली सिद्ध झाली. तिघेही आळीपाळीने ओळ उचलतात आणि एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे मुख्य गायक व साथीदार असा भेद पुसट होतो. 'आपण' हे सर्वनाम येथे शब्दांच्या आधी स्वरांच्या रचनेतच साकार झालेले आहे.

हा काळ नागरी हक्क चळवळीचा होता. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनचा ऐतिहासिक मोर्चा निघाला, १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आणि १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा संमत झाला. १९६४ मधील 'कीप ऑन पुशिंग' आणि १९६५ मधील 'पीपल गेट रेडी' ही मेफील्ड यांची गीते चळवळीतील कार्यकर्त्यांनी आपलीशी केली. 'पीपल गेट रेडी' मध्ये आगगाडीची प्रतिमा मध्यवर्ती आहे. गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीतांत आगगाडी मुक्तीचे प्रतीक म्हणून येते. दक्षिणेतून पळून जाणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त व्यवस्थेलाही 'भूमिगत रेल्वे' असेच नाव पडले होते. पुढे प्रत्यक्ष आगगाडीनेच लक्षावधी लोक शिकागोसारख्या शहरांत आले. मोक्ष, पलायन आणि स्थलांतर असे अर्थाचे तीन थर एका प्रतिमेत एकवटतात. कोणत्याही अन्यायकर्त्याचे नाव न घेता किंवा कोणतीही मागणी न मांडता हे गीत चळवळीचे गीत ठरले, याचे रहस्य या अर्थसंपन्नतेत आहे. जमैकन गायक बॉब मार्ली यांनी १९७७ मध्ये 'वन लव्ह' या आपल्या गीतात ते मिसळून घेतले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०१५ च्या यादीत त्याचा समावेश केला.

येथे मराठी भाषेतील एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनात ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे सर्वनामावरून कळत नाही. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' ही दोन सर्वनामे निराळी आहेत. १९६७ च्या अखेरीस निघालेल्या 'वी आर अ विनर' या गीताचे स्वागत या भेदाच्या प्रकाशात समजून घेता येते. या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचे आवाजही ऐकू येतात, म्हणजे गाणारे आणि ऐकणारे दोघेही त्यात उपस्थित आहेत. कृष्णवर्णीय श्रोत्याने ते गीत 'आपण विजयी आहोत' असे ऐकले आणि १९६८ मध्ये ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत अग्रस्थानी गेले. दुसरीकडे काही नभोवाणी केंद्रांनी ते प्रसारित करण्याचे टाळले. त्यांच्या कानांवर 'आम्ही विजयी आहोत' असे शब्द पडले आणि त्यात त्यांना आव्हान जाणवले. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ तत्कालीन अमेरिकन समाजाच्या दुभंगाचे निदर्शक आहेत. मेफील्ड यांचा स्वर तितकाच मृदू होता, शब्दांतही कोणाविषयी द्वेष नव्हता. तरीही आत्मविश्वासाने उच्चारलेले 'आपण' हेच काहींना उपद्रवकारक वाटले. सौम्य स्वर म्हणजे समझोता, असे सरसकट समजणे किती अपुरे आहे, हे या एका उदाहरणावरून लक्षात येते.

स्वामित्वाचा प्रश्न

कृष्णवर्णीय कलावंताने गीत लिहायचे, गायचे आणि त्याचे हक्क प्रकाशकाने व ध्वनिमुद्रिका कंपनीने घ्यायचे, ही अमेरिकन संगीतव्यवसायातील दीर्घकालीन रीत होती. मेफील्ड यांनी विशीच्या आसपासच आपली स्वतंत्र प्रकाशन संस्था स्थापन केली आणि स्वतःच्या गीतांचे हक्क स्वतःकडे राखले. १९६८ मध्ये एडी थॉमस यांच्या सहकार्याने त्यांनी 'कर्टम रेकॉर्ड्स' ही ध्वनिमुद्रिका संस्था सुरू केली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि शिकागोच्या पश्चिम भागात दंगली उसळल्या होत्या. अशा वातावरणात शिकागोमध्येच कृष्णवर्णीयांच्या मालकीची संस्था उभी राहणे, याला व्यावसायिक घटनेपलीकडचा अर्थ होता.

त्यांच्या चरित्रातील या भागाकडे समीक्षेने दुर्लक्ष करू नये. 'आपण' असे म्हणणारे गीत कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न त्या गीताच्या आशयापासून वेगळा काढता येत नाही. त्याच वेळी या स्वायत्ततेच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. कर्टमच्या ध्वनिमुद्रिकांचे वितरण प्रथम बुद्धा रेकॉर्ड्स आणि नंतर वॉर्नर यांच्यामार्फत होत असे. निर्मितीचे स्वातंत्र्य मिळाले, तरी बाजारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग इतरांच्या हाती राहिला. मेफील्ड यांच्या नंतरच्या अनेक निर्णयांमागे हा ताण होता, असे दिसते.

'आपण' चे आत्मपरीक्षण

१९७० मध्ये मेफील्ड इम्प्रेशन्समधून बाहेर पडले आणि त्यांची 'कर्टिस' ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीन मिनिटांच्या गीताचे बंधन येथे सुटले. 'मूव्ह ऑन अप' हे गीत जवळजवळ नऊ मिनिटे चालते. त्याचा उत्तरार्ध काँगा, ढोल आणि पितळी वाद्यांच्या आवर्तनांनी भरलेला आहे. सोलकडून फंककडे झालेले हे स्थित्यंतर केवळ सांगीतिक नाही. जुन्या गीतांत सांत्वन स्वरावलीतून मिळत असे. येथे लय थांबण्याचे नाकारते आणि चिकाटीचा आशय लयीतूनच व्यक्त होतो. जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' या छोट्या सभागृहातील कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात हाच बदल अधिक उघडपणे ऐकू येतो. तेथे तंतुवाद्यवृंद नाही. दोन गिटार, बास, ड्रम आणि हेन्री गिब्सन यांचा काँगा एवढ्याच सामग्रीवर मेफील्ड श्रोत्यांशी अक्षरशः बोलत गातात.

'कर्टिस' मधील सर्वांत विचारप्रवर्तक रचना 'वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू' ही होय. शीर्षकाचे आरंभीचे शब्द अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रारंभातून घेतले आहेत. 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होणारी उद्देशिका ज्यांना परिचित आहे, त्यांना या उसनवारीचे महत्त्व सहज कळेल. ज्या 'आम्ही' मध्ये गुलामांचा समावेश नव्हता, ते सर्वनाम येथे त्यांचे वंशज आपल्या नावावर करून घेतात. मात्र मेफील्ड एवढ्यावर थांबत नाहीत. राज्यघटनेवर हक्क सांगितल्यानंतर गीत बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवते आणि स्वसमाजाकडे वळते. वर्णाच्या उजळ-काळ्या छटांवरून समाजांतर्गत निर्माण झालेली उतरंड, आपसांतील हिंसा आणि इतरांनी लादलेली प्रतिमा निमूटपणे स्वीकारण्याची वृत्ती यांवर ते बोट ठेवते. रचनेच्या मध्यावर संथ लय अचानक तुटते, तालवाद्यांचा वेगवान भाग येतो आणि पुन्हा मूळ संथ लय परतते. उपदेश, उद्रेक आणि चिंतन असा हा क्रम आहे.

आत्मगौरव आणि आत्मपरीक्षण यांचा समन्वय साधणे हे कोणत्याही वंचित समाजाच्या साहित्यापुढील कठीण कार्य असते. आत्मपरीक्षण केले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, आणि न केले तर साहित्य घोषणाबाजीत अडकते. मेफील्ड यांनी हा पेच संबोधनाच्या साहाय्याने हाताळला. टीका करणारा स्वतःला 'आपण' मधून वगळत नसल्यामुळे तिला तुच्छतेचा स्पर्श होत नाही.

'सुपर फ्लाय' : चित्रपट आणि गीते यांतील विसंवाद

मेफील्ड यांच्या कारकिर्दीचा कळस आणि तिच्याविषयीच्या वादाचे केंद्र म्हणजे १९७२ मधील 'सुपर फ्लाय' हा चित्रपट. गॉर्डन पार्क्स ज्युनियर दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक प्रीस्ट हा न्यूयॉर्कमधील कोकेन विक्रेता आहे. एक शेवटचा मोठा व्यवहार करून त्याला या धंद्यातून बाहेर पडायचे आहे. अशा चित्रपटांची तेव्हा लाट आली होती. नागरी हक्क चळवळीतील संघटनांनी त्यांचा तीव्र निषेध केला. कृष्णवर्णीयांच्या शोषणावर नफा मिळवणारे चित्रपट या अर्थाने 'ब्लॅक्सप्लॉइटेशन' हा शब्दही त्याच वर्षी रूढ झाला. प्राथमिक दृश्ये पाहिल्यावर हा चित्रपट आपल्याला कोकेनच्या जाहिरातीसारखा वाटला, असे खुद्द मेफील्ड यांनी नंतर सांगितले आहे. तरीही त्यांनी संगीत दिले, इतकेच नव्हे तर चित्रपटातील एका प्रसंगात क्लबमध्ये गाताना ते दिसतात.

हा विरोधाभास त्यांच्या गीतांत कसा उतरला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. 'फ्रेडीज डेड' हे गीत पाहावे. फ्रेडी हे चित्रपटातील दुय्यम पात्र आहे. पोलिसांपासून पळताना मोटारीखाली सापडून तो मरतो आणि कथानक पुढे सरकते. मेफील्ड यांनी मात्र त्याच्यासाठी संपूर्ण शोकगीत लिहिले. ज्याला सर्वांनी वापरले आणि कोणीही वाचवले नाही, असा तो गीताचा नायक होतो. चित्रपटाने परिघावर ठेवलेला माणूस गीताने केंद्रस्थानी आणला. विशेष म्हणजे चित्रपटात या गीताची केवळ वाद्यधून वाजते, शब्द ऐकू येत नाहीत. याच कारणास्तव ते गीत ऑस्कर पुरस्काराच्या स्पर्धेस पात्र ठरले नाही. याचा अर्थ असा, की नैतिक भाष्य चित्रपटगृहात ऐकूच आले नाही. ते ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रिकाच लावावी लागे. ध्वनिमुद्रिका चित्रपटाच्या आधी बाजारात आली, तिने विक्रीच्या यादीत पहिले स्थान मिळवले आणि 'फ्रेडीज डेड' राष्ट्रीय यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका या एकाच कथेच्या दोन परस्परविरोधी संहिता ठरल्या.

'पुशरमॅन' या गीताचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. येथे 'आपण' नाहीसे होते आणि अमली पदार्थ विकणारा 'मी' म्हणून बोलू लागतो. आई, वडील, वैद्य अशा सर्व आप्तांची आणि उपकारकर्त्यांची जागा आपणच घेतल्याचे तो सांगतो. धर्मोपदेशकाच्या जागी विक्रेता उभा राहिला आहे आणि त्याचा आवाजही तितकाच मृदू, तितकाच आश्वासक आहे. मेफील्ड यांनी स्वतःच्याच शैलीचे केलेले हे भीषण विडंबन आहे. ज्या स्वराने एकेकाळी मुक्तीच्या गाडीत बसण्याचे आमंत्रण दिले, तोच स्वर आता विनाशाचे आमंत्रण देतो. श्रोत्याला दोन्हींतील फरक स्वतःच ओळखावा लागतो.

प्रश्न असा, की श्रोता हा फरक ओळखतो काय? बास आणि काँगा यांचे त्या गीतातील आवर्तन इतके मोहक आहे, की विक्रेत्याचे आकर्षण त्यातून वाढते, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही. नायकाच्या पेहरावाचे आणि मोटारीचे अनुकरण झाले, तेव्हा पार्श्वभूमीला हेच संगीत होते. मात्र मोहकता वजा केली असती, तर विक्रेत्याला गिऱ्हाईक का मिळते हे गीतातून कळलेच नसते. पापाचे आकर्षण न दाखवणारा उपदेश पोकळ राहतो. म्हणून दोष पूर्णतः गीताकडे जात नाही. परंतु उपरोधावर विसंबणाऱ्या लेखकाला श्रोत्याच्या आकलनाचा धोका पत्करावाच लागतो, आणि मेफील्ड यांनी तो व्यावसायिक लाभासह पत्करला, हेही नमूद केले पाहिजे. १९८८ मध्ये रॅप गायक आइस-टी यांनी याच गीतावर आधारित रचना केली. तीत विक्रेता अमली पदार्थांऐवजी संगीत विकतो. मूळ गीतातील इशारा निदान पुढच्या पिढीतील एका कलावंताने नेमका ओळखला होता, याचे हे गमक होय. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१८ च्या यादीत 'सुपर फ्लाय' च्या ध्वनिमुद्रिकेलाही स्थान मिळाले.

इतर आवाजांसाठी लेखन

'सुपर फ्लाय' नंतर मेफील्ड यांनी इतर गायकांसाठी, विशेषतः स्त्रियांच्या आवाजासाठी विपुल लेखन केले. 'क्लॉडीन' (१९७४) या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली गीते ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांनी गायली. 'लेट्स डू इट अगेन' (१९७५) ची गीते स्टेपल सिंगर्स यांनी, तर 'स्पार्कल' (१९७६) ची अरीथा फ्रँकलिन यांनी गायली. यांपैकी 'क्लॉडीन' चा विषय प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरकारी मदतीवर मुलांना वाढवणारी एकटी आई, आणि घरात पुरुष आहे का, मिळकत लपवली आहे का, हे तपासत फिरणारा मदतखात्याचा अधिकारी असा येथे संघर्ष आहे. अशा स्त्रीच्या तोंडी मेफील्ड यांनी जी गीते घातली, त्यांत दारिद्र्याइतकाच अपमानाचाही हिशेब आहे. गुन्हेगाराच्या 'मी' पेक्षा हा 'मी' निराळा आहे. त्याला झगमगाट नाही आणि त्याची टीका थेट शासनव्यवस्थेवर आहे. 'सुपर फ्लाय' च्या कीर्तीमुळे हे लेखन काहीसे झाकोळले गेले. वस्तुतः मेफील्ड यांच्या सामाजिक जाणिवेचा विस्तार येथे अधिक दिसतो.

१९७५ मधील 'देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे' ही ध्वनिमुद्रिका याच जाणिवेचे अधिक उदास रूप आहे. तिचे मुखपृष्ठ मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या १९३७ मधील प्रसिद्ध छायाचित्रावर आधारलेले आहे. लुईव्हिलच्या महापुरानंतर मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय आणि त्यांच्या मागे मोटारीतून फिरणाऱ्या सुखी गोऱ्या कुटुंबाचे जाहिरातफलक, असे ते दृश्य आहे. संगीतातही तंतुवाद्यांची श्रीमंती कमी झाली आहे. लय संथ आणि विरळ झाली आहे. बंदुकीला बळी पडलेल्या तरुणावरील 'बिली जॅक' या आरंभीच्या गीतात शोक आहे, पण आवेश नाही. या ध्वनिमुद्रिकेला 'सुपर फ्लाय' सारखा प्रतिसाद मिळाला नाही. तरीही मेफील्ड यांच्या प्रगल्भ रचनांत तिची गणना करावी लागेल.

उतरता काळ आणि अखेरचे ध्वनिमुद्रण

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डिस्को संगीताचे वर्चस्व वाढले. मेफील्ड यांनीही त्या प्रवाहाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. १९७८ मधील 'डू इट ऑल नाइट' सारख्या ध्वनिमुद्रिकांत त्यांच्या लेखनाचे बळ हरवलेले दिसते. त्याचे कारण लयीत शोधणे योग्य होणार नाही, कारण नृत्याची लय त्यांच्या पूर्वीच्या रचनांतही होती. येथे संबोध्य समाजच धूसर झाला होता. नृत्यगृहातील कोणीही श्रोता चालेल, अशा गीतात 'आपण' ला अर्थ उरत नाही. पुढे कर्टमचे काम थंडावले आणि मेफील्ड अटलांटा परिसरात स्थायिक झाले.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिन येथील विंगेट फील्ड या मैदानावरील कार्यक्रमात वादळी वाऱ्यामुळे प्रकाशयोजनेचा सांगाडा त्यांच्यावर कोसळला. मानेखालील सर्व शरीर कायमचे लुळे पडले. आपल्या खास जुळणीची गिटार त्यांना पुन्हा कधीही वाजवता आली नाही. तथापि १९९६ मध्ये त्यांनी 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. फुप्फुसांत पुरेसा श्वास भरला जावा म्हणून त्यांना पाठीवर उताणे झोपून गावे लागे आणि एकेक ओळ स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावी लागे.

या ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन सहानुभूतीच्या भरात केले जाण्याचा धोका आहे. तिच्यातील सर्व रचना सारख्या दर्जाच्या नाहीत. आधुनिक यांत्रिक ताल काही ठिकाणी एकसुरी वाटतो. तरीही दोन गोष्टी लक्षणीय आहेत. आवाज खाली उतरला आहे, श्वास तोकडा झाला आहे आणि त्यामुळे वाक्ये लहान व नेमकी झाली आहेत. तसेच शारीरिक आपत्तीनंतरही गीतांचा रोख आत्मकथनाकडे वळलेला नाही. स्वतःच्या दुःखाचे गाऱ्हाणे मांडण्याची सर्व मुभा असताना मेफील्ड यांनी पुन्हा 'आपण' हेच सर्वनाम निवडले. अरीथा फ्रँकलिन आणि मेव्हिस स्टेपल्स यांचे आवाज या ध्वनिमुद्रिकेत सामील होतात, तेव्हा एकेकाळचा गायकवृंद पुन्हा जमल्यासारखा वाटतो. २६ डिसेंबर १९९९ रोजी जॉर्जिया राज्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ने त्यांना एकल कलावंत म्हणून स्थान दिले होते. इम्प्रेशन्सचे सदस्य म्हणून तो मान त्यांना १९९१ मध्येच मिळाला होता.

समारोप

मेफील्ड यांच्या कारकिर्दीकडे संबोधनाच्या दृष्टीने पाहिले असता 'आशावादी' आणि 'वास्तववादी' अशा दोन मेफील्डांची कल्पना टिकत नाही. स्वसमाजाशी बोलणारा एकच निवेदक परिस्थितीनुसार धीर देतो, प्रश्न विचारतो, कधी विक्रेत्याचा तर कधी एकट्या आईचा आवाज घेतो. तो समाज डोळ्यांसमोर असेपर्यंत लेखन सकस राहते आणि तो धूसर झाला की लेखनही उतरते.

प्रतिकाराच्या साहित्याविषयीही यातून काही हाती लागते. विद्रोहाची भाषा उग्रच असली पाहिजे, असा समज मराठी समीक्षेतही अनेकदा आढळतो. नामदेव ढसाळांच्या कवितेने उग्रतेचे सामर्थ्य निर्विवादपणे सिद्ध केले आहे. परंतु मंद स्वरातील गीतही नभोवाणी केंद्रांना अस्वस्थ करू शकते, हे मेफील्ड यांच्या उदाहरणावरून दिसते. साहित्यातील विद्रोह स्वराच्या पट्टीवरून मोजण्यापेक्षा तो कोणाला उद्देशून आहे, कोणाला सामावून घेतो आणि त्याचे स्वामित्व कोणाकडे आहे, हे तपासणे अधिक फलदायी ठरेल. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंतच्या गीतपरंपरेचा अभ्यासही याच प्रश्नांच्या आधारे करता येईल. तिच्यातील 'आपण' कोठे विस्तारतो आणि कोठे आक्रसतो, याचा शोध मराठी अभ्यासकांनी घेणे अगत्याचे आहे.